आकडा शेवटी सांगायचा

माझ्या तोंडाला लगाम नाही, असं आमच्या शेडमध्ये सगळे म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. सांध्यात पोकळी राहिली तर वेल्डरला मी चारचौघांत ऐकवायचे, आणि साहेब चुकले तर साहेबांनाही. मोजमापाचं काम माझं, त्यात जीभ ही अशी, म्हणून मला फूटपट्टी म्हणायचे. तर ह्या फूटपट्टीने आयुष्यात एकदाच तोंड बंद ठेवलं, आणि तेही नेमकं जिथे उघडायला हवं होतं तिथे. ते सांगते आता. ऐकून माझी कीव वगैरे करू नका, मला ते सोसत नाही.

आम्ही रोलर कोस्टरचे रूळ बनवायचो. लोकांना वाटतं, असले रूळ कुठल्यातरी यंत्रातून शेवया पडाव्यात तसे पडत असतील. तसं काही नसतं हो. दंडाएवढा जाड पोलादी पाइप तीन रोलरांमध्ये धरायचा आणि पुढे-मागे करत, दाबत दाबत वाकवायचा. तोही नुसता एका अंगाला नाही, खालीही आणि बाजूलाही. असे दोन पाइप, मधे एक जाडजूड कणा, आणि तिघांना धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या, की झाला एक तुकडा. असे साठ-सत्तर तुकडे जोडले की लोक त्यावरून किंचाळत जायला मोकळे. ह्यात वाकवण्याचं काम माझ्या मोठ्या भावाचं होतं, आणि त्याने वाकवलेलं मोजायचं माझं.

आता पाइपाची एक खोड असते. दाबाखाली आहे तोवर शहाण्यासारखा वाकतो, आणि सोडला की थोडा परत सरळ होतो. किती सरळ होईल ते पोलादाच्या जातीवर, पाइपाच्या जाडीवर आणि खरं सांगायचं तर त्याच्या मर्जीवर. म्हणून वाकवणारा मुद्दाम बोटभर जास्त वाकवतो, म्हणजे सोडल्यावर तो हव्या त्या जागी येऊन थांबतो. दादा जमिनीवरच्या लोखंडी पत्र्यावर खडूने पूर्ण मापाची रेघ काढायचा आणि पाइप त्या रेघेवर आणून बसवायचा. नजरेने आणि हाताने. यंत्राला घड्याळासारखा काटा होता, त्याच्याकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

रेघ ज्या कागदावरून निघायची तो कागद नकाशेकाकांचा. ते आमचे आराखडे काढणारे, जुन्या मालकांच्या वेळेपासूनचे. पाइप शेवटी जसा दिसायला हवा तेवढंच ते कागदावर द्यायचे. वरची भर घालायची दादाने. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सव्वीस वर्षांत त्या दोघांनी हे कधी एकमेकांना बोलूनसुद्धा दाखवलं नसेल.

आणखी एक गोष्ट लिहिलेली नव्हती, ती माझ्यापुरती. मी कामाला लागले त्या पहिल्या दिवशी दादाने मला बाजूला घेतलं.

"मोजायचं, लिहायचं, पाकिटात घालायचं," तो म्हणाला. "सगळे तुकडे उतरेपर्यंत आकडा तोंडातून काढायचा नाही. आकडा शेवटी सांगायचा. मी विचारला तरी आधी नाही."

माझ्या आधी जो मोजणारा होता, त्याने एकदा दुसऱ्याच तुकड्याला सांगून टाकलं होतं की तीन मिलिमीटर कमी आहे. मग दादा त्या तीनच्या मागे लागला. तिसरा तुकडा जास्त वाकला, चौथा कमी, आणि रुळांचा अख्खा वेढा शेवटी जुळेना. भंगारात गेला. दादाचं म्हणणं असं की आकडा कानात शिरला की हात बिघडतो. आमच्याकडे तुकडा आधी शेजारच्या तुकड्याशी जुळायला हवा, कागदाशी नंतर. सगळेच दोन मिलिमीटर एकाच अंगाला गेले असतील तर खांबाखाली पत्र्याची चकती घालून भागतं. पण एक इकडे आणि एक तिकडे गेला तर गाडी सांध्यावर ठेचकाळते, आणि त्या गाडीत माणसं बसलेली असतात. मला हे पटलं होतं. अजूनही पटतं, हेच तर दुखणं आहे.

मी राहायलाही दादाकडेच होते. लग्न मोडून परत आले तेव्हा त्याने वरची खोली आधीच रंगवून ठेवली होती. विचारलं काहीही नाही. वहिनीही तशीच, भली बाई. रोज सकाळी ती आमचे दोघांचे डबे भरायची आणि आम्ही दोघं एकाच स्कूटरवरून कामाला जायचो, तो पुढे आणि मी मागे बडबडत.

मग कंपनी विकली गेली. जुन्या मालकांच्या मुलांना पोलादात रस नव्हता, आणि एका मोठ्या कंपनीला असल्या शेड गोळा करायचा नाद लागला होता. आमच्यासारख्या दोन तिने आधीच घेतल्या होत्या. आम्हाला कँटीनमध्ये बसवून पडद्यावर चित्रं दाखवली. बोलणारा माणूस आपण सगळे आता एक कुटुंब आहोत असं सात वेळा म्हणाला. मी मोजलं, सवयच ती. बिस्किटं मात्र चांगली होती.

त्याच आठवड्यात नकाशेकाकांना घरी पाठवलं. आराखडे काढायला नव्या कंपनीकडे वीस माणसं होती, एकविसावा कशाला हवा? सकाळी अकराच्या आत काकांनी टेबल रिकामं केलं आणि मुलीकडे राहायला दूर निघून गेले. त्यांच्या डोक्यात काय काय आहे हे कुणी विचारलं नाही. तेही मानी, त्यांनी आपणहून सांगितलं नाही. काकांना निरोप देताना आम्हाला वाईट वाटलं ते माणूस चालला म्हणून. त्यांच्याबरोबर आणखी काही चाललंय हे माझ्याही डोक्यात आलं नाही, आणि मी स्वतःला फार हुशार समजत होते.

मग इस्त्रीवाले साहेब आले. सदऱ्याची घडी दिवसभर मोडत नसे, म्हणून हे नाव. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना नमस्कार करायचा, दादाला तर वाकून. त्यांनी सांगितलं की तीन शेडमध्ये मिळून वाकवण्याचे दोनच विभाग ठेवायचे आहेत. एकाचं ठरलं होतं. उरलेल्या एका जागेसाठी आम्ही आणि दुसरी एक शेड. दोघांना सारखेच पाच पाइप मिळतील, सारखाच आकार, दोन आठवडे. ज्यांचं माप चांगलं, त्यांचा विभाग राहील. पाइप नव्या जातीचे होते आणि मोजून पाचच, जास्तीचा एकही नाही.

शेडमधले सगळे निर्धास्त होते. दादासारखा हात आसपास कुणाचा नव्हता, हे वैरीही कबूल करायचा. वेल्डरांची तर दुसऱ्या शेडची कीव करूनही झाली होती. दादा मात्र घरी जेवताना गप्प असायचा. विभाग गेला तर त्याच्याबरोबर नऊ माणसं जाणार होती, आणि पंचावन्नाव्या वर्षी आपल्याला कोण उभं करणार, हे तो एकदा वहिनीला म्हणाला. मला ऐकू आलं.

दादाच्या हातात वाकवण्याच्या मापांचं एक कोष्टक आलं, एकच पान. माझ्याकडे मोजणीची जाडजूड चवड आली, बावीस पानांची. मी पहिली चार वाचली, बाकीची चाळली. सगळ्या कंपन्यांची असली पानं सारखीच असतात, हातमोजे घाला आणि हेल्मेट घाला.

पहिला पाइप दादाने तिसऱ्या दिवशी उतरवला. खडूच्या रेघेवर असा बसला की रेघ दिसेना. त्याने मान हलवली, म्हणजे स्वतःवर खूश होता. मी पाइप मोजणीच्या ओट्यावर घेतला आणि मोजला. माझ्या पानांवरच्या मापापेक्षा मधोमध अकरा मिलिमीटर जास्त वाकलेला होता. मी उपकरण पुसून पुन्हा मोजलं, मग दुपारी लोखंड थंड झाल्यावर पुन्हा. अकराच. चालणार होते दोन.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोललीस? अहो, पहिला पाइप होता. नवं पोलाद, एखाद दिवस पडून राहिलं की अंग सोडतं, मिलिमीटर-दोन मिलिमीटर उतरतं. आणि नियम होता. चौदा वर्षांत तो मी एकदाही मोडला नव्हता. दादाने नुसतं माझ्याकडे पाहिलं, मी नुसतं पाकीट चिकटवलं आणि आम्ही डबा खायला बसलो.

दुसरा पाइपही अकरा. एखादा माणूस चुकला की वेगवेगळा चुकतो, असा एकाच मापाने चुकत नाही. तिसराही जेव्हा अकरा निघाला तेव्हा मी ती चवड घेऊन स्टोअरमध्ये जाऊन बसले आणि पहिल्यापासून वाचायला घेतली. नवव्या पानावर खालच्या कोपऱ्यात एक ओळ होती. वाकवण्याच्या कोष्टकातल्या मापांमध्ये पाइपाचं परत येणं धरलेलं आहे, असं तिथे लिहिलं होतं.

म्हणजे भर कंपनीनेच आधी घातली होती. कोष्टकाप्रमाणे दाबून सोडून दिला असता तर पाइप आपोआप बरोबर जागी आला असता. दादाने त्या मापांची रेघ काढली आणि वर आपल्या सव्वीस वर्षांच्या सवयीने स्वतःची भर घातली. एकाच पाइपाला दोनदा भर. आमची जुनी रीत जन्मात न पाहिलेल्या एखाद्या शिकाऊ माणसाने हे काम बिनचूक केलं असतं. चूक व्हायला दादाएवढाच जाणता माणूस लागत होता.

त्या स्टोअरमध्ये मी किती वेळ बसले कोण जाणे. तीन पाइप हातचे गेले होते आणि बदली पाइप नव्हता. आता दादाला सांगितलं तर पुढचे दोन तो बरोबर करेल, म्हणजे तीन एक प्रकारचे आणि दोन दुसऱ्या प्रकारचे, संच फुटलाच. गप्प बसले तर पाचही एकमेकांशी तंतोतंत जुळतील, आणि ज्याला ह्या कामातलं काही कळतं तो पाच सारखे अकरा बघूनच म्हणेल की हात उत्तम आहे, कागदात घोटाळा आहे. असा मी विचार केला. आमच्या शेडमध्ये कुणीही असाच केला असता. मी चवड कपाटात ठेवली आणि चौथा पाइप मोजायला गेले. चौथा अकरा. पाचवा अकरा.

मोजायला कंपनीची माणसं आली ती लेझर घेऊन. पाइप एकमेकांशेजारी ठेवून बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. एकेक पाइप वेगळा घेतला, संगणकातल्या चित्राशी ताडला, आणि प्रत्येकासमोर लाल खूण केली. दुसऱ्या शेडचे पाचही हिरवे होते. माझं पाकीट इस्त्रीवाल्या साहेबांनी माझ्या हातातून घेतलं आणि सही करून फायलीत लावलं.

दादा यंत्रापाशी उभा होता. त्याने मला विचारलं, "किती?"

आता शेवट होता. आता सांगायचाच होता आकडा. पण पाचही अकरा असं म्हटलं असतं तर त्याच क्षणी त्याला सगळं कळलं असतं, आणि पुढचा प्रश्न आला असता, तुला कधी कळलं. मी म्हणाले, "बरंच आहे, दादा." त्याने पुन्हा विचारलं नाही.

मी काहीच केलं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि नववं पान टेबलावर ठेवलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. वहीत टिपूनही घेतलं.

मग ते म्हणाले, "हे पान तुमच्याकडे होतं ना? मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

त्या माणसाला मी आमचा नियम कसा सांगणार होते? त्याच्या जगात मोजणारा असतो तोच मुळी आकडा लगेच सांगायला. ते म्हणाले की निर्णय निकालावरच होईल, त्यांचा नाइलाज आहे. आणि तुमची मोजणी मात्र लेझरशी तंतोतंत जुळली, असंही म्हणाले. मला कामावर ठेवलं, यंत्रं खोलून पाठवायची होती त्यांची यादी करायला. दादासह दहा माणसांना पत्रं मिळाली. दादाच्या पत्रात कारण लिहिलं होतं, वाकवणाऱ्याच्या हातून झालेली चूक.

ते एक वाक्य त्याने किती वेळा वाचलं असेल. पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेलं असायचं, पाण्याच्या तांब्याखाली. त्याचं म्हणणं साधं होतं. पाइप रेघेवर बसलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तो बसलेला नव्हता असं यंत्र म्हणतंय. म्हणजे माझे डोळे गेले.

तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणाला, आणि एकटा जायला धजेना, म्हणून मी बरोबर गेले. बाहेरच्या बाकावर आम्ही तासभर बसलो. मोठ्ठा माणूस हा, पण गुडघ्यांवर हात ठेवून असा बसला होता की मला बघवेना. तो मला हळूच म्हणाला की नऊ माणसांच्या पोटावर पाय दिला मी, आणि मला वेळेवर कळलंसुद्धा नाही की दिसत नाहीये. मी म्हणाले, असं काही नसतं दादा. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की ह्या वयात इतके चांगले डोळे त्यांनी क्वचितच पाहिलेत. मला वाटलं, सुटलो. पण बाहेर येऊन पायऱ्या उतरताना तो म्हणाला, मग हात गेला.

डोळे निदान कुणीतरी तपासून देतं, हात कोण तपासून देणार? त्याने घरीच तपासणी चालू केली. तार घेऊन कपाभोवती गोल वळवायचा, कप काढून घ्यायचा आणि उजेडात धरून बघत बसायचा. कागदावर एका दमात वर्तुळं काढायचा, ढिगाने. दाढी करायला न्हाव्याकडे जायला लागला, का तर हाताचा भरवसा नाही. स्कूटर मला देऊन टाकली. वहिनीने एक दिवस ते वर्तुळांचे कागद माझ्या खोलीत आणून दाखवले आणि रडली. सगळी वर्तुळं कशी गोल गरगरीत होती. ती त्याला दिसत होती, पण पटत नव्हती.

आणि मी रोज त्याच्यासमोर बसून जेवत होते. रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज शेपूट घालायचे. मनाशी म्हणायचे, अजून दोन दिवस जाऊ देत, त्याचं मन शांत होऊ दे. कसलं शांत होतंय? खरं कारण एवढंच की ह्या जगात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि ते माणूस माझ्याकडे कसं बघेल ह्याची मला भीती वाटत होती. मी, जी कुणाच्या बापाला भीत नाही असं सगळीकडे सांगत फिरायची.

तिसऱ्या महिन्यात वाकवण्याचं यंत्र जायला निघालं. त्याच्याबरोबरचे कागद माझ्याच टेबलावरून जाणार होते. त्यात एक पाया खणण्याचा आराखडा होता, ते यंत्र दुसऱ्या शेडमध्ये कुठे आणि कसं बसवायचं त्याचा. त्यावरची तारीख मी तीनदा वाचली. आमच्या पाच पाइपांच्या पाच आठवडे आधीची होती. म्हणजे यंत्राची जागा तिकडे आधीच मोजून झाली होती. दादाने पाइप कसेही वाकवले असते तरी ते यंत्र तिकडेच जायचं होतं.

सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला हायसं वाटलं. चला, माझ्या गप्प बसण्याने काही बिघडलं नाही. घरी येईपर्यंत ते हायसं वाटणं उतरलं. विभाग जायचा तो गेलाच असता, खरं आहे. पण दादाचा हात कंपनीने नेला नव्हता. तो मी नेला होता, आणि तो परत करणं माझ्या एकटीच्याच हातात होतं.

तरीही आणखी महिना काढला मी. मग कठडेवाला आला. गावात जिन्यांचे कठडे आणि फाटकं बनवणारा एक जण आहे, गोल जिन्याचे कठडे वळवायला त्याला माणूस हवा होता. दादाचं नाव ऐकून स्वतः घरी आला, मान देऊन बोलला. दादाने त्याला सांगितलं की माझा हात गेलाय, दुसरा बघा. तो म्हणाला, सोमवारपर्यंत विचार करा, सोमवारी मी दुसऱ्याला हो म्हणणार. शनिवारी वहिनीने मला जिन्यात गाठलं. तुझं ऐकतात, एवढंच ती म्हणाली, आणि माझा हात दाबून खाली गेली.

रविवारी सकाळी मी खाली गेले तेव्हा दादा टेबलापाशी बसला होता, समोर कप आणि तार. वहिनी ओट्यापाशी होती. मी बसलेही नाही.

"दादा, आकडा सांगायचा राहिलाय."

"कसला?"

"त्या पाइपांचा. अकरा."

"कुठला अकरा?"

"पाचही. पाचही अकराच होते."

त्याने तार खाली ठेवली. मग मी नवव्या पानाचं सांगायला लागले, पण त्याने हात वर करून मला थांबवलं. त्याला गरज नव्हती. माझं वाक्य संपायच्या आत त्याच्या डोक्यात सगळं जुळलं होतं, ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. तो वहिनीकडे वळला आणि म्हणाला, "ऐकलंस? पाचही अकरा." आणि हसला. चार महिन्यांनी हसला. दोन्ही तळवे समोर धरून त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला की नव्या पोलादाचे पाच पाइप, आणि मिलिमीटरचा फरक नाही. वहिनी रडत होती. आणि मी वेडी, मीही हसले.

मग त्याने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"अकरा पहिल्यालाच. ते पान तिसऱ्याला."

त्याने बराच वेळ मान हलवली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"पाइपांचं मी तुला काही म्हणणार नाही," तो म्हणाला. "नियम माझाच होता. तू मधेच बोलली असतीस तर मीच तुला फाडून खाल्लं असतं." मग म्हणाला, "पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे तू माझ्याबरोबर आली होतीस ना?"

"हो."

"माझ्या शेजारी बसली होतीस."

"हो, दादा."

मी पाया पडायला, माफी मागायला, काय वाटेल ते करायला तयार होते, पण त्याने फोन उचलला आणि कठडेवाल्याला सांगितलं की उद्या सकाळी येतो. मग तार आणि कप उचलून ओट्यावर ठेवला आणि मागच्या अंगणात निघून गेला.

तो सोमवारपासून कामाला जातो. दाढी घरीच करतो. वहिनी सांगते की पहिलाच गोल कठडा एका दमात बसला आणि कठडेवाला जो भेटेल त्याला बोलावून दाखवत होता. माझ्याशी मात्र त्या दिवसापासून एक शब्द नाही. जेवताना माझ्यापुढचं मीठ हवं असलं तर वहिनीला सांगतो. मी दोनदा त्याच्या वाटेत उभी राहिले. तो थांबला, मी बाजूला होईपर्यंत वाट पाहिली आणि गेला. भांडला असता तर मी भांडले असते, भांडता मला येतं.

गेल्या आठवड्यात यादीचं काम संपलं, शेडला कुलूप लागलं. कंपनीने मला दुसऱ्या शेडमध्ये मोजणीवर बोलावलंय, आणि मी हो म्हटलंय. गुरुवारची गाडी आहे. वहिनीने त्याला सांगितलं तेव्हा मी जिन्यात उभी होते. गाडी किती वाजताची, असं त्याने विचारलं. सकाळी आठची, वहिनी म्हणाली. मग मला सहालाच उठव, तो म्हणाला, गुरुवारी मला कामावर लवकर जायचंय.